खेकड्याचं बीळ

पहाटेचे सव्वाचार. आवेइरोच्या इस्पितळात
तळघरातला चुंबक ठोकतोय, थांबतोय, पुन्हा ठोकतोय.
आत निजलाय अडेरितु, वय अडुसष्ट,
मिठागरं राखणाऱ्या उरल्यासुरल्यांपैकी एक.
काल दुपारी बांधावर टेकला तो उठलाच नाही.
उजवा हात लुळा, जीभ जड.

सीटीत दिसलंच होतं. डावीकडे, खोल,
अक्रोडाएवढं ताजं रक्त.
ताजं रक्त आमच्याकडे पांढरं दिसतं.
या दुसऱ्या यंत्रात
जुनं दिसतं, काळं.

मी एकेक काप खाली सरकवते
आणि मोजते.
थॅलॅमसमध्ये चार ठिपके, मिरीच्या दाण्यांसारखे.
मेंदूच्या देठात दोन.
लहान मेंदूत एक, की दोन?
लोखंडाचा कण दिसला की चुंबक वाढवून सांगतो,
भांडणातल्या साक्षीदारासारखा.
दोन धरते.

कधीतरी झिरपलेले थेंब हे.
कुणाला कळले नाहीत, त्यालाही नाही.
रक्त विरून गेलं, गंज तेवढा राहिला.

पुढच्या मालिकेत पोकळ्यांच्या कडेला
पांढरी किनार, कुठे तुटक, कुठे एकात एक मिसळलेली,
भरती ओसरल्यावर खाजणातल्या चिखलावर
मीठ फुटतं तशी.
त्याखाली बारीक फटी. दोन खळगे,
त्यातला एक वाटाण्याएवढा,
आत नुसतं पाणी.

मोठ्या वाहिन्या ठणठणीत आहेत त्याच्या.
घोटाळा आहे तो केसाएवढ्या पाटांत,
ज्यांना कुणी नावंसुद्धा ठेवली नाहीत,
ज्यांच्या भिंती दाबाखाली वर्षानुवर्षं
आधी ताठ झाल्या, मग ठिसूळ.
हे मला त्याला सांगावं लागलं नसतं.
समुद्र कुठला मिठागर बुडवतोय, म्हणाला असता,
बुडवतं ते खेकड्याचं बीळ.

बाहेर बाकावर देओलिंडा.
पायात अजून रबरी बूट, त्यांवर वाळलेला चिखल.
"कधी झालं हे, पोरी?"
काल, मी म्हणते.
आणि माझंच मला पटत नाही.
पण ठिपक्यांवर तारीख नसते.

दाबाच्या गोळ्या घ्यायचे का?
"गोळ्या होत्या," ती म्हणते.
"खणात होत्या."

मग जराशाने, मी न विचारता:
"परवाच्या जानेवारीत, जत्रेत,
देवळाच्या छतावरून गोड पाव फेकतात ना,
झेलायला हात वर केला आणि तो वरच राहिला.
आम्ही सगळे हसलो.
मग उघाडी लावायला विसरला एका रात्री,
तीन कोंड्यांतलं मीठ विरघळलं. चार दिवस बोलले नाही मी.
पाय घासत चालायचा. सतरंजीला अडखळायचा,
तर मी सतरंजीच काढून टाकली.
धाकटीला तिच्या मेलेल्या आत्याच्या नावाने हाक मारली,
ती बिचारी 'ओ' म्हणाली."
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत
ती एकेक बोट मिटत जाते.
करंगळीवर अडते.

"आणि सूपमध्ये मीठ कमी म्हणायचा.
आमच्या घरात मीठ कमी!
मी घालत गेले."
माझ्याकडे बघते.
"हेही धरायचं का?"

मी तिच्या बुटांकडे बघते.
म्हणते, डॉक्टर येतील सकाळी, ते बोलतील.
डॉक्टर मीच आहे.

आत येऊन टंकते:
आठ सूक्ष्म रक्तस्राव, सर्व खोल भागांत.
श्वेतद्रव्यात व्यापक बदल.
जुने खळगे, दोन.
तुलनेसाठी आधीच्या प्रतिमा उपलब्ध नाहीत.

या ओळीपाशी कर्सर लुकलुकत राहतो.
काचेपलीकडे देओलिंडाने
आता दुसरा हात उघडलाय.